फेटलिंगनं हात, खांदा, कंबर तिन्ही धरलं: काम सोडायचं की बदलून करायचं?

दादा, तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडते, म्हणजे पुढचं वाचणाऱ्यालाही कळेल. वय ३८. शिरोली एमआयडीसीतल्या फौंड्रीत नऊ वर्षं फेटलिंगला, म्हणजे साच्यात ओतून काढलेल्या वस्तूवरचा (कास्टिंगवरचा) जादा धातू ग्राइंडरनं घासून आणि चिपिंग हॅमरनं ठोकून काढायला. तेही ठेकेदाराकडं आणि नगावर. पाच महिन्यांपासून कंबर दुखते, उजवा हात खांद्याच्या वर नेला की कळ येते आणि रात्री उजव्या हाताला मुंग्या येऊन जाग येते. डॉक्टरांनी एमआरआय काढायला आणि महिनाभर आराम करायला सांगितलंय. महिनाभर घरी बसलात तर तुमच्या जागेवर दुसरा माणूस उभा राहणार. म्हणून तुम्ही विचारलंय, कमरेला पट्टा बांधून काम रेटलं तर चालेल का, की हे कामच सोडून द्यावं?

मी फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्याकडं शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल इथल्या कारखान्यांतली माणसं बरीच येतात. हुपरीचे चांदी कारागीर येतात, मार्केट यार्डातले हमाल येतात, दिवसभर मांडी घालून चपलांची वेणी घालणारे येतात. धंदे वेगळे, पण सगळ्यांचा प्रश्न तुमचाच असतो. आराम परवडत नाही आणि काम सोसत नाही. न तपासता निदान करता येत नाही, तेव्हा मी समोर असते तर काय विचारलं असतं आणि का, ते सांगते. त्यातलं तुम्हाला काय लागू पडतं ते तुमच्या उत्तरांवर ठरेल.

पहिली गोष्ट म्हणजे तुम्ही तीन दुखणी एकाच गाठोड्यात बांधलीत. ती तीन वेगळी आहेत, त्यांची कारणं वेगळी आणि घाईही वेगवेगळी. कंबर जास्त ठणकते म्हणून तुम्ही तिला पहिला नंबर दिलाय, डॉक्टरांनीही तिचाच एमआरआय सांगितलेला दिसतो. मी पहिला नंबर हाताच्या मुंग्यांना देईन. कंबर कितीही दुखली तरी बहुतेक वेळा ती सुधारते. दबलेली शीर, म्हणजे नर्व्ह, मात्र फारशी दुखत नाही, गुपचूप कमजोर होत जाते आणि एका टप्प्यानंतर पूर्ववत होत नाही.

आज रात्री जाग आली की दिवा लावून बघा, नेमकी कुठली बोटं बधिर आहेत. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू बधिर असेल, करंगळी मात्र शाबूत असेल आणि हात झटकल्यावर बरं वाटत असेल, तर मनगटातली मीडियन नर्व्ह दबली असण्याची शक्यता मोठी. डॉक्टर याला कार्पल टनेल म्हणतात. मनगटाच्या तळव्याकडच्या बाजूला एक अरुंद बोगदा असतो. खाली आणि दोन्ही बाजूंना हाडं, वरून एक चिवट पट्टा. त्यातून बोटं मिटवणाऱ्या नऊ दोऱ्या (टेंडन) आणि ही एक शीर जाते. ग्राइंडर दिवसभर घट्ट आवळून धरला की त्या दोऱ्यांभोवतीचं आवरण सुजतं. हाडं हटत नाहीत, पट्टा ताणत नाही, मग दाब येतो तो शिरेवर. रात्री मनगट दुमडून झोपलं की दाब आणखी वाढतो, म्हणून झोपमोड.

करंगळी आणि तिच्याकडची अनामिकेची बाजू बधिर असेल तर गोष्ट मनगटाची नाही, कोपराजवळच्या शिरेची आहे. मानेपासून सगळा हात भरून येत असेल तर मान तपासायला हवी. एवढी एक खूण डॉक्टरांना नीट सांगितलीत तर पुढची तपासणी योग्य दिशेनं जाते.

आता उजेडात दोन्ही तळहात शेजारी ठेवून बघा. अंगठ्याच्या मुळाशी मांसाचा जो उंचवटा असतो तो उजव्या हाताला डाव्यापेक्षा बसलेला, सपाट दिसतोय का? शर्टाची बटणं लावताना अडतं का? चहाचा कप हातातनं निसटतो का? यातलं काही असेल तर माझं पुढचं सगळं वाचत बसू नका. आधी अस्थिरोगतज्ज्ञ किंवा हाताच्या सर्जनला दाखवा आणि नर्व्ह कंडक्शनची, म्हणजे शिरेतनं संदेश किती नीट जातो याची, तपासणी करून घ्या. त्या अवस्थेत थांबण्यात अर्थ नाही. बोगद्यावरचा पट्टा मोकळा करण्याचं ऑपरेशन छोटं असतं आणि वेळेत केलं तर गुण चांगला येतो.

यातलं काही नसेल आणि फक्त रात्रीच्या मुंग्या असतील, तर मनगट सरळ ठेवणारा स्प्लिंट रोज रात्री बांधून झोपायचं, किमान सहा आठवडे. क्रेप बँडेज गुंडाळू नका, त्यानं मनगट सरळ राहत नाही आणि दाब वाढतो. आत पट्टी असलेला स्प्लिंट घ्या आणि ती पट्टी मागं वाकलेली असेल तर सरळ करून घ्या. सोबत साखर आणि थायरॉइड तपासा. मधुमेह किंवा थायरॉइडचा त्रास असला की ही शीर लवकर दबते आणि खांदाही लवकर जखडतो. ३८ हे वय साखर निघायला लहान नाही.

हाताचा दुसरा शत्रू म्हणजे थरथर, म्हणजे व्हायब्रेशन. ही गोष्ट नवी नाही. १९१८ मध्ये अमेरिकेतल्या इंडियाना राज्यात बेडफर्ड इथं चुनखडीच्या खाणीत हवेच्या हातोड्यानं दगड घडवणाऱ्या कामगारांना डॉ. अॅलिस हॅमिल्टन यांनी तपासलं. थंडीत त्यांची बोटं पांढरीफटक पडायची, बधिर व्हायची. तुमचा चिपिंग हॅमर त्याच जातीचा आहे. आपल्याकडं हवा उबदार, त्यामुळं बोटं पांढरी पडणं क्वचित दिसतं, मुंग्या आणि बधिरपणाच आधी येतो आणि म्हणून ओळख उशिरा पटते. डिसेंबरात पहाटे टोप-वडगावकडनं गाडीवर येताना बोटांची टोकं पांढरी पडतात का, एवढं आठवून बघा. पडत असतील तर डॉक्टरांना आवर्जून सांगा. मनगटातला दाब ऑपरेशननं सुटतो, पण थरथरीनं बोटांच्या टोकांतल्या बारीक शिरा खराब झाल्या तर त्यावर ऑपरेशन नाही. म्हणून हा भाग मी इतका लांबवतेय.

किती थरथर चालते याचा हिशेब आहे. युरोपीय संघानं २००२ मध्ये नियम केला. आठ तासांच्या दिवसाला सरासरी २.५ मीटर प्रति सेकंद वर्ग इतकी थरथर झाली की मालकानं उपाय सुरू करायचे आणि ५ च्या वर जाऊच द्यायचं नाही. ग्राइंडरची थरथर ५ असेल तर पहिली मर्यादा दोन तासांत गाठली जाते. चिपिंग हॅमरची १५ असेल तर तीच मर्यादा तेरा-चौदा मिनिटांत आणि वरची मर्यादा पाऊण तास उलटून थोड्याच वेळात. तुमच्या यंत्राचा आकडा चाक, कास्टिंग आणि यंत्राचं वय यावर बदलेल. यात धरायचा तो वेळ फक्त यंत्र हातात चालू असतानाचा, शिफ्टचा नाही. पण आकडे बघितलेत की एक गोष्ट लक्षात येईल. हॅमर निम्म्या वेळावर आणणं हे ग्राइंडर निम्म्यावर आणण्यापेक्षा कितीतरी मोलाचं आहे. म्हणजे सुपरवायझरकडं मागायचं असेल तर पहिली मागणी हॅमरची पाळी वाटून घेण्याची.

तुमच्या स्वतःच्या हातात असलेल्या गोष्टीही आहेत. झिजलेली डिस्क वाचवू नका. डिस्क बोथट झाली की माणूस जोरानं दाबतो, दाबलं की मूठ आवळते आणि मूठ आवळली की थरथर सरळ मनगटात उतरते. ठेकेदार डिस्क मोजून देतो हे मला माहीत आहे, पण बोथट डिस्कनं नगही कमी निघतात, हे त्याला त्याच्या भाषेत सांगता येतं. चाक डुगडुगत असेल, यंत्राची बेअरिंग खडखडत असेल तर ते तसंच चालवू नका. बाजूचं हँडल काढून काम करू नका. यंत्राचं वजन यंत्रालाच पेलू द्या, हातानं फक्त दिशा द्यायची. हातमोजे घाला, पण फार जाड नको, कारण जाड मोज्यात पकड मिळत नाही म्हणून मूठ आणखी आवळावी लागते. आणि तंबाखू. ती रक्तवाहिन्या आवळते. थरथरीनं आधीच आवळलेल्या बोटांना हे दुहेरी होतं.

एक प्रश्न मी कोल्हापूरच्या प्रत्येक कामगाराला विचारते आणि बहुतेक डॉक्टर तो विचारत नाहीत. घरी म्हशी आहेत का आणि धार कोण काढतं? पहाटे दोन म्हशींची धार, मग पहिली पाळी, परत आल्यावर पुन्हा धार. धारेला लागतात तेच स्नायू ग्राइंडर आवळायला लागतात. हात दिवसाचे आठ तास नाही, दहा-अकरा तास मूठ आवळत असतो आणि त्याला सुटी कधीच नसते. असं असेल तर निदान सहा आठवडे धार दुसऱ्या कुणाकडं द्या, नाहीतर डाव्या हातावर जास्त भार घ्या. फौंड्रीतलं काही बदलण्याआधी घरातलं हे बदलणं तुमच्या हातात आहे. मात्र तो भार मुकाट्यानं वहिनींच्या मनगटावर जाऊ नये हेही बघा. धार आणि भाकरी दोन्ही करणाऱ्या बायकांचे अंगठे धरलेले मी खूप बघते.

आता कंबर. एका फेटलरचं काम बघायला मी शॉपवर गेले होते. त्यानं वाळूनं भरलेल्या जमिनीवर ठेवलेल्या बिनमधनं, म्हणजे मोठ्या पेटीतनं, कास्टिंग उचललं, अंदाजे वीस किलोचं. पाय सरळ, कंबर वाकलेली आणि बिनच्या काठामुळं कास्टिंग पायांपासून हातभर लांब. उचललं, कंबरेतनं डावीकडं वळला आणि दोन पायांच्या मधे नडगीच्या उंचीला ठेवलेल्या ठोकळ्यावर टेकवलं. मग डाव्या पायानं ते दाबून धरून, वाकूनच, ग्राइंडर सुरू. झालं की तसंच वळून दुसऱ्या बिनमध्ये. तो मला म्हणाला, "मॅडम, वजन काय जास्त न्हाई ओ." त्याचं बरोबर होतं. त्रास वजनाचा नव्हताच.

अमेरिकेतल्या नायॉश या कामगारांच्या आरोग्यावर संशोधन करणाऱ्या सरकारी संस्थेनं वजन उचलण्याचं एक सूत्र केलंय, ते १९९१ मध्ये सुधारलं. सगळं काही उत्तम असेल, म्हणजे वस्तू शरीराजवळ, साधारण कमरेपेक्षा जरा खाली ७५ सेंटिमीटर उंचीवर, न वळता आणि अधूनमधूनच उचलायची असेल, तर मर्यादा २३ किलो. वस्तू पायांपासून २५ ऐवजी ५० सेंटिमीटर लांब असेल तर ती निम्मी, साडेअकरा. जमिनीवरनं उचलायची असेल तर साधारण नऊ. उचलून ४५ अंश वळायचं असेल तर साडेसात. आणि हे दिवसभर सारखं सारखं करायचं असेल तर अजून कमी. म्हणजे वीस किलोचं तेच कास्टिंग एका जागी चालण्यासारखं आहे आणि दुसऱ्या जागी झेपणाऱ्या वजनाच्या अडीचपटींहून जास्त. वजन तेच, जागा वेगळी.

जर्मनीत १९९९ मध्ये एका माणसाच्या मणक्यातल्या गादीत सेन्सर बसवून दाब मोजला होता. नुसतं उभं असताना दाब ०.५ मेगापास्कल. वीस किलो छातीशी धरल्यावर १.१. तेच वीस किलो छातीपासून ६० सेंटिमीटर लांब धरल्यावर १.८. माणूस एकच होता, त्यामुळं तो आकडा सगळ्यांना तसाच लागू होत नाही, पण लांब धरलं की काय होतं ते त्यातून दिसतं.

त्या शॉपवर बदल केला तो इतकाच. बिनखाली जुनी पॅलेट एकावर एक रचून बिन मांडीपर्यंत वर आणला आणि बिनची एक बाजू खाली पाडता येईल अशी करून घेतली. ठोकळ्याऐवजी भंगारातल्या अँगलचं कमरेएवढं स्टँड तिथल्याच वेल्डिंगवाल्यानं करून दिलं. दोन बिनांमधलं अंतर पाऊलभर वाढवलं, म्हणजे कंबरेतनं वळण्याऐवजी पाऊल टाकूनच जावं लागतं. नवं यंत्र नाही, मोठा खर्च नाही. काही आठवड्यांनी त्याची कंबर पूर्ण बरी झाली असं नाही, पण घरी गेल्यावर आडवं पडावं लागत नव्हतं आणि ठेकेदारानं शेजारच्या दोघांनाही तसंच स्टँड करून दिलं. मोठ्या कास्टिंगला होइस्ट, म्हणजे वजन उचलायचं यंत्र, हवंच. पण ज्या शॉपमध्ये होइस्ट असतो तिथंही नगावर पगार असला की घाईत तो कुणी वापरत नाही. त्याचा दोष कामगाराला देता येत नाही.

कंबरेबद्दल आणखी एक, म्हशींशीच जोडलेलं. रात्रभर झोपेत मणक्यातल्या गाद्या पाणी शोषून फुगतात, म्हणून सकाळी आपण संध्याकाळपेक्षा थोडे उंच असतो. त्या फुगलेल्या अवस्थेत वाकणं त्यांना जास्त ताण देतं. उठल्यावर पहिला तासभर वाकून शेण काढणं, वैरणीचा भारा उचलणं टाळता आलं तर टाळा. आधी चहा घ्या, जरा फिरा, उभ्यानं करायची कामं करा, मग वाकायचं. हे ऐकायला किरकोळ वाटतं, पण ज्यांनी मनावर घेतलं त्यांच्यात मी फरक बघितलाय.

कमरेच्या पट्ट्याचं उत्तर स्पष्ट देते, नको. नायॉशनंच १९९४ मध्ये सगळे पुरावे तपासून निरोगी कामगारांनी इजा टाळायला पट्टा वापरावा अशी शिफारस करता येत नाही असं म्हटलं. मला त्यातली भीती वेगळीच वाटते. पट्टा बांधला की माणसाला बळ आल्यासारखं वाटतं आणि तो आधीपेक्षा जास्त उचलतो. फार उसण भरली असेल तर दोन-चार दिवस बांधा, कामावर रोज नको.

एमआरआय लगेच नको असं माझं मत आहे, पण याला अट आहे. पायात कळ जाऊन पाऊल लुळं पडत असेल, बसण्याच्या जागी बधिर वाटत असेल, लघवी-संडासवरचा ताबा गेल्यासारखा वाटत असेल, तर त्याच दिवशी सीपीआर, कोल्हापूरचं मोठं सरकारी रुग्णालय, गाठा. तिथं थांबणं धोक्याचं. ताप, कारण नसताना वजन घटणं, रात्री पडूनही न थांबणारं दुखणं असेल तरी लवकर तपासा. कळ पायात पोटरीपर्यंत जाऊन सहा आठवड्यांत कमी होत नसेल तर एमआरआय योग्य. नुसती कंबर दुखत असेल तर मात्र त्या रिपोर्टनं घबराटच वाढते. काहीही न दुखणाऱ्या माणसांच्या स्कॅनचा मोठा आढावा २०१५ मध्ये आला. गादी फुगलेली दिसण्याचं प्रमाण विशीतल्या लोकांत ३० टक्के आणि पन्नाशीतल्यांत ६० टक्के निघालं. कसलाही त्रास नसताना. तेव्हा रिपोर्टात "गादी सरकली" असं आलं म्हणजे दुखण्याचं कारण सापडलंच असं नाही. "आता जड काम बंद" असं घाबरून ठरवलेली तरणी माणसं मी बघितलीत, रिपोर्ट फायलीत आणि माणूस घरात.

खांद्याबद्दल थोडक्यात. हात बाजूनं वर नेताना मधल्या टप्प्यात कळ आणि पुढं वर गेल्यावर सुटका असेल तर खांद्याच्या आतल्या दोऱ्या दुखावल्यात. दुसऱ्यानं हात वर नेला तरी जात नसेल, पाठीमागं हात नेऊन पट्टा खोवता येत नसेल, तर खांदा जखडलाय आणि साखर तपासणं आणखी गरजेचं. पहिल्या प्रकारात काम कोपराच्या उंचीला आणलं की निम्मं काम होतं. तेच स्टँड इथंही कामाला येतं, फक्त मोठं कास्टिंग पुढ्यात उभं न ठेवता आडवं करून घ्यायचं. व्यायाम हात बघूनच सांगता येतील. तालमीत जात असाल तर खांदा शांत होईपर्यंत जोर थांबवा, बैठका चालतील. चोळून घेण्यानं बरं वाटतं, हरकत नाही, पण मानेला किंवा खांद्याला झटका देऊन "नस बसवणाऱ्या"कडं जाऊ नका.

आता मुख्य मुद्दा, आराम. महिनाभर पडून राहणं हा कंबरेचा उपचार नाही. एक-दोन दिवसांपेक्षा जास्त पडून राहिलं तर स्नायू ढिले पडतात आणि परतल्यावर तेच बिन, तोच ठोकळा, तीच डिस्क. महिन्यात बरं झालेलं आठवड्यात परत येतं. हवंय ते काम चालू ठेवून भार कमी करणं. डॉक्टरांकडून "एक महिना आराम" असं सर्टिफिकेट घेऊ नका. ते बघून ठेकेदाराला एकच अर्थ कळतो, माणूस कामाचा नाही. त्याऐवजी डॉक्टरांना असं लिहून द्यायची विनंती करा: "सहा आठवडे चिपिंग हॅमर नको. जमिनीवरून दहा किलोपेक्षा जास्त उचलणं नको. खांद्याच्या वरचं काम नको. बाकी काम करू शकतात." असं पत्र सुपरवायझरला वापरता येतं. त्याला ठरवता येतं की या माणसाला तपासणीवर घेऊ, लहान कास्टिंगच्या पेडस्टल ग्राइंडरवर घेऊ, रंगकामाला किंवा डिस्पॅचला घेऊ. नगाच्या दरात तुमचं थोडं नुकसान होईल, ते मी नाकारत नाही. पण पूर्ण महिना बिनपगारी घालवण्यापेक्षा ते कमी असतं आणि जागा राहते. मागणी एकट्यानं करण्यापेक्षा तेच दुखणं असलेल्या दोघा-तिघांनी मिळून केली तर ऐकलं जातं. फेटलिंग शॉपमध्ये दुखणं एकट्याला सहसा नसतं.

ठेकेदाराकडं असलात तरी तुमची पगारपट्टी काढून बघा. महिना २१,००० रुपयांपर्यंत पगार असेल आणि कारखाना ईएसआयखाली (कर्मचारी राज्य विमा योजनेखाली) असेल तर ठेक्यावरच्या माणसालाही ते लागू होतं. पगारातनं ०.७५ टक्के कापले जात असतील तर तुमचा विमा क्रमांक असायला हवा. नसेल तर तो आधी मिळवा. सहा महिन्यांच्या हप्त्याच्या काळात किमान ७८ दिवसांची वर्गणी भरलेली असेल तर आजारी रजेत सरासरी रोजाच्या ७० टक्के मिळतात, वर्षाला ९१ दिवसांपर्यंत. तपासण्या आणि ऑपरेशनही त्यात येतं. कामामुळं झालेला आजार म्हणून भरपाई मिळवणं मात्र अवघड आहे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेनं २०१० च्या व्यावसायिक आजारांच्या यादीत कार्पल टनेल आणि अशी बरीच स्नायू-सांध्यांची दुखणी घातलीत, पण आपल्या भरपाईच्या यादीत हळूहळू होणाऱ्या या दुखण्यांना तशी जागा मिळालेली नाही. हे बदलायला हवं असं मला मनापासून वाटतं, कारण हात गमावलेला दिसतो आणि हात बधिर झालेला दिसत नाही. मात्र कामावर अचानक काही झालं, उचलताना कंबरेत कट्‌ आवाज येऊन बसलात, तर त्याच दिवशी अपघात म्हणून नोंद करून घ्या. दुसऱ्या दिवशी ते सिद्ध करणं कठीण जातं.

गोळ्यांचं सांगितल्याशिवाय राहवत नाही. तुम्ही लिहिलं नाही, पण पाच महिने दुखतंय म्हणजे मेडिकलमधनं गोळी घेत असणारच. डायक्लोफिनॅकसारखी गोळी रोज, उपाशीपोटी, आणि भट्टीच्या उकाड्यात घाम गाळून पाणी कमी. हे तिन्ही एकत्र आलं की किडनीवर येतं. चार दिवस घेणं वेगळं, पाच महिने वेगळं. रोज घेत असाल तर क्रिएटिनिनची, म्हणजे किडनी कशी चालते ते दाखवणारी, रक्ततपासणी करून घ्या, आणि शिफ्टमध्ये पाण्याची बाटली यंत्राजवळ ठेवा, कँटीनमध्ये नको. कागदात बांधून मिळणाऱ्या बिननावाच्या गोळ्या तर अजिबात नकोत. त्यांत बऱ्याचदा स्टिरॉइड असतं, ते एका दिवसात उभं करतं, मग चेहरा सुजतो, साखर चढते आणि हाडं ठिसूळ होतात. बरेच दिवस घेत असाल तर मात्र एकदम बंद करू नका, डॉक्टरांना दाखवून हळूहळू कमी करा.

काम सोडायचं का, याचं उत्तर आज देता येणार नाही. सहा आठवडे स्प्लिंट, धार दुसऱ्याकडं, हॅमर बंद, स्टँड आणि बिन वर, एवढं करून बघा. मुंग्या कमी झाल्या तर फेटलिंग चालू ठेवता येईल, फक्त हे बदल कायमचे ठेवावे लागतील. तेवढं करूनही बधिरपणा वाढत असेल किंवा बोटं पांढरी पडत असतील, तर थरथरणारं यंत्र सोडून द्या, पण फौंड्री सोडायची गरज नाही. नऊ वर्षं कास्टिंग हाताळलेला माणूस ब्लो होल, क्रॅक डोळ्यांनी ओळखतो, तो तपासणीला किंवा मशीन शॉपला उपयोगी पडतो. हे बोलणं दुखणं वाढल्यावर करण्यापेक्षा आत्ता करा, तुम्ही अजून पूर्ण नग देताय तोवर.

परत लिहाल तेव्हा एवढं कळवा. कुठली बोटं बधिर होतात, अंगठ्याचा उंचवटा कसा दिसतो, दिवसात हॅमर अंदाजे किती मिनिटं हातात असतो, साखर किती आली आणि धार कोण काढतं. कामाच्या जागेचा एक फोटो काढता आला तर बिन आणि ठोकळा दिसेल असा बाजूनं काढा, माणूस नसला तरी चालेल.